केळीच्या मुलखात ओ. हेन्री

‘बनाना रिपब्लिक’ हा शब्द कोणाचा? एम.ए. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न इतर कुठेही विचारा, जळगाव जिल्ह्यात विचारला तर उत्तर आलंच पाहिजे. केळी आपली, २०१६ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन आपलं, रावेर-यावलच्या बागा आपल्या. शब्द मात्र ओ. हेन्रीचा.

हा गृहस्थ बँकेत कॅशियर होता. हिशेबात तूट निघाली, खटला उभा राहिला, तसा तो १८९६ मध्ये होंडुरासला पळाला. तिथं केळीच्या अमेरिकन कंपन्या सरकारं कशी खिशात घालतात हे त्यानं जवळून पाहिलं. १९०४ च्या ‘कॅबेजेस अँड किंग्ज’ या पुस्तकात त्यानं अँचुरिया नावाचा एक काल्पनिक देश रंगवला आणि त्याला ‘बनाना रिपब्लिक’ हे बिरुद चिकटवलं. शब्द जगभर गेला, राज्यशास्त्राच्या पुस्तकात बसला, कपड्यांच्या दुकानाची पाटीसुद्धा झाला. ‘ओ. हेन्री’ हे नाव तरी कुठं खरं? खरं नाव विल्यम सिडनी पोर्टर. बायको आजारी म्हणून परतला, कोर्टापुढं हजर झाला, शिक्षा झाली, आणि ओहायोच्या तुरुंगात औषधं देता देता हे टोपणनाव घेऊन गोष्टी लिहू लागला. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेली केस विकणाऱ्या बायकोची आणि घड्याळ विकणाऱ्या नवऱ्याची गोष्ट लिहिणारा हाच. सुटकेनंतरची आहे ती.

तर अमेरिकन साहित्याचा पेपर. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून जे विद्यापीठ १९९० साली उभं राहिलं, तिथल्या पोरांना हा पेपर म्हणजे दूरदेशीची यादी वाटते. व्हिटमन, डिकिन्सन, हॉथॉर्न, फॉकनर, मिलर. उच्चार अवघड, गाईड महाग, झेरॉक्स फिकट. पण यादीतल्या नावांची शेपटं जरा ओढून बघितली, तर बरीचशी तापीकाठीच येऊन निघतात.

पांढरं सोनं, काळी माणसं

कापसाचंच बघा. हॅरिएट बीचर स्टो या बाईंनी १८५२ मध्ये ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. गुलामगिरीवरून देश तापला, १८६१ मध्ये यादवी पेटली, दक्षिणेकडची बंदरं अडवली गेली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग साहेबाची नजर कुठं वळली? खानदेशाच्या काळ्या जमिनीकडे. आगगाडी तेव्हा नुकतीच या भागात येत होती. जळगाव बघता बघता कापसाची मोठी पेठ झालं. अमेरिकन बियाणं आणून इथल्या मातीत रुजवायचा खटाटोपही सरकारनं करून पाहिला. १८६५ मध्ये तिकडं युद्ध थांबलं नि इकडं भाव धाडकन कोसळले. व्यापाऱ्यांचे हात चांगलेच पोळले.

म्हणजे टॉमकाकाच्या गोष्टीतल्या मजुरांनी वेचलेला कापूस अडला म्हणून आपल्या पणजोबांच्या कापसाला भाव आला, आणि ते मजूर कागदोपत्री मोकळे झाले त्याच साली तो भाव गेला. कादंबरी शिकवताना ‘थीम’ आणि ‘सिंबॉल’ फळ्यावर लिहायच्या आधी कोणी हा हिशेब मांडला, तर शेवटच्या बाकावरचं शेतकऱ्याचं पोरही मान वर करेल. त्याला कपाशीचा भाव पाठ असतो.

युद्ध संपल्यावर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’ आलं. ते अर्पण कोणाला केलंय? गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. अमेरिकन साहित्याचा पेपर मराठीत कुठून सुरू करावा असं मला विचाराल, तर मी या अर्पणपत्रिकेकडे बोट दाखवीन.

अ‍ॅमहर्स्टची आणि आसोद्याची

आता कविता. एमिली डिकिन्सन १८८६ मध्ये गेली. हयातीत छापून आलेल्या कविता जेमतेम दहाएक, त्याही बिननावाच्या. बहीण लॅव्हिनियानं खोली आवरायला घेतली तर आत दोऱ्यानं शिवलेल्या हस्तलिखित वह्या, एक नाही, चाळीसेक. सगळं मिळून जवळपास १८०० कविता. काही पाकिटांच्या पाठीवर खरडलेल्या. एक तर नारळाच्या केकच्या कृतीच्या मागं. बाई पाव उत्तम करायच्या, १८५६ च्या गावजत्रेत त्यांच्या पावाला दुसरं बक्षीस होतं. कवितेला बक्षीस नाही.

जळगावपासून हाकेच्या अंतरावर आसोदा. १८८० साली तिथं बहिणाबाई जन्मल्या. यांना तर अक्षरओळखच नव्हती, त्यामुळे पाकिटाच्या पाठीचा प्रश्नच नाही. जातं, चूल, शेत, मोट, जिथं हात चाललेले तिथं ओठ चालायचे. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग ऐकून उतरवून घ्यायचे. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, पण आईची वही दाखवायला संकोचत होते. आचार्य अत्र्यांच्या कानावर त्या ओळी पडल्या आणि त्यांनी ते बाड सोडलंच नाही. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ बाहेर आलं.

दोघींची तुलना करा, हा प्रश्न परीक्षेत यायला हरकत नाही. पण साम्याइतकाच फरकही मजेचा आहे. डिकिन्सन बाईंच्या कवितांवर पहिल्या संपादकांनी इस्त्री फिरवली. तिच्या त्या आडव्या रेघा काढल्या, यमकं सरळ केली, शीर्षकं चिकटवली. मूळ रूपात सगळ्या कविता एकत्र यायला १९५५ उजाडलं. बहिणाबाईंची लेवा बोली मात्र पहिल्या छपाईतच बोली राहिली. कोणी ‘शुद्ध’ केली असती तर काय उरलं असतं, या विचारानंच अंगावर काटा येतो. आणि २०१८ पासून विद्यापीठालाच त्यांचं नाव. लिहिता न येणाऱ्या बाईच्या नावाची पदवी हातात घेऊन मुलं डिकिन्सनवर पीएच.डी.ला बसतात. अ‍ॅमहर्स्टला हे सांगितलं तर त्यांना पटायचं नाही.

पदरमोड करून कवितासंग्रह काढणाऱ्या तमाम कवींनी व्हिटमनचा फोटो घरात लावावा. १८५५ चं ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ त्यानं स्वखर्चानं छापलं, काही पानांचे खिळे स्वतःच जुळवले. बारा कविता, मुखपृष्ठानंतरच्या पानावर कवीचं नाव नाही, फक्त समोर फोटो. आणि परीक्षणं? ती पण त्यानंच लिहिली, निनावी, तोंड भरून स्तुतीची. इमर्सननं खाजगी पत्रातून कौतुक कळवलं, तर या पठ्ठ्यानं ते पत्र न विचारता वर्तमानपत्रात दिलं आणि त्यातली ओळ पुढच्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत ठोकली. मरेपर्यंत तो त्याच एका पुस्तकात भर घालत राहिला. बारांच्या जवळपास चारशे कविता झाल्या.

रॉबर्ट फ्रॉस्टला चार पुलित्झर मिळाले. कोंबड्या पाळून पाहिल्या, शेती करून पाहिली, पण पहिलं पुस्तक छापायला प्रकाशक भेटला तो इंग्लंडात. गावात किंमत नाही, हे तिकडंही आहे.

टी. एस. एलियट कुठल्या पेपरात टाकायचा यावर प्राध्यापकांचं एकमत होत नाही. जन्म अमेरिकेत, नागरिकत्व ब्रिटिश. शिकला हार्वर्डला, संस्कृतसुद्धा तिथंच. १९२२ च्या ‘द वेस्ट लँड’चा शेवट बृहदारण्यक उपनिषदातल्या दकारावर आणि तीनदा म्हटलेल्या शांतिमंत्रावर होतो. तिथं अमेरिकन मुलांना तळटीप लागते, आपल्याकडची मुलं म्हणतात, ‘हे तर आजी म्हणते.’ जाता जाता आणखी एक जुळणी. एलियटनं ब्रॅडलीच्या तत्त्वज्ञानावरचा प्रबंध हार्वर्डला धाडला ते साल १९१६, आणि अमळनेरात श्रीमंत प्रताप शेठजींच्या देणगीतून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं तेही १९१६. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण कॅलेंडरनं असले विनोद करायचे नाहीत असं कुठं लिहिलंय?

फक्त कवितेसाठी मासिक काढणं हा आतबट्ट्याचा धंदा. हॅरिएट मन्रो बाईंनी १९१२ मध्ये शिकागोत ‘पोएट्री’ काढलं आणि १९१५ मध्ये तिथंच एलियटचा प्रूफ्रॉक पहिल्यांदा छापला गेला. आपल्या धुळ्यातून कवी पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये ‘कविता-रती’ सुरू केलं. शिकागोला एका मोठ्या औषध कंपनीच्या वारसदार बाईनं पुढं घसघशीत देणगी दिली. धुळ्याला वर्गणीदार होते.

एक रात्र आणि अठरा रविवार

हेन्री डेव्हिड थोरो तुरुंगात किती दिवस होता? एक रात्र. १८४६ चा जुलै, डोईपट्टी भरायला नकार, अटक, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी, बहुधा त्याच्या मावशीनं, परस्पर पैसे भरून टाकले. थोरो चिडला म्हणे. पण त्या एका रात्रीतून जो निबंध निघाला, तो पुढं गांधीजींच्या हातात पडला आणि सविनय कायदेभंगाला तिकडून एक दाखला मिळाला. मग १९३० आलं, मीठ आलं, तुरुंग भरले, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा येऊन बसले. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलले. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर बसून भराभर लिहून घेणारे होते साने गुरुजी, एकेकाळचे अमळनेरच्या शाळेतले मास्तर. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक ते.

खरी गंमत पुढं आहे. वॉल्डनच्या तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेला थोरो सकाळी वाचायचा काय? गीता. चार्ल्स विल्किन्सनं १७८५ मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद. म्हणजे गीता बोटीनं मॅसॅच्युसेट्सला गेली, तिथून थोरोच्या निबंधात मुरली, गांधींमार्फत परत आली आणि धुळ्याच्या जेलात पुन्हा गीता होऊन बसली. ‘वॉल्डन’ १८५४ चं. ते मराठीत आणलं दुर्गा भागवतांनी, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावानं. थोरोला यापेक्षा भारी मराठी बाई मिळाली नसती.

कादंबरीवाल्यांची धावती हजेरी

‘मोबी-डिक’ (१८५१) वाचायला घेणारे बहुतेक शंभराव्या पानाच्या आत बुडतात. नेटानं पोहत राहिलात तर घारापुरी लागेल. देवमाशांची जुन्यात जुनी चित्रं कुठं सापडतात याची चर्चा करताना मेलव्हिलनं मत्स्यावतार काढलाय आणि एलिफंटाच्या लेण्यांचं नाव घेतलंय. पुस्तक त्याच्या हयातीत आपटलं. पोटासाठी तो न्यूयॉर्कच्या जकातीत एकोणीस वर्षं राबला.

जॉन स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’चं अर्धं हस्तलिखित त्याच्या कुत्र्यानं फाडून खाल्लं. टोबी त्याचं नाव. असाइनमेंट उशिरा देणाऱ्यांनी हे कारण सांगून बघावं, निदान संदर्भ तरी अस्सल आहे.

‘द ग्रेट गॅट्सबी’ १९२५ ची, फिट्झजेराल्ड १९४० मध्ये वारला तेव्हा जवळपास विसरलेली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना खिशात मावतील अशी फुकट पुस्तकं वाटली, त्यात गॅट्सबीच्या दीड लाखावर प्रती गेल्या आणि पुस्तक उठून बसलं. हेमिंग्वेचं उलटं. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ १९५२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात एकाच अंकात सबंध छापली आणि दोन दिवसांत पन्नास लाख प्रती संपल्या. पुलंनी ती ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणली. खानदेशात समुद्र नाही, तरी म्हातारा कळतो. बोअरला पाणी लागेल म्हणून चौथ्यांदा कर्ज काढणारा म्हातारा आपल्याकडं दर गावात एक आहे.

विल्यम फॉकनरनं मिसिसिपी विद्यापीठाच्या पोस्टात मास्तरकी केली, ती वाईट केली. पत्रं पडून, साहेब वाचत बसलेले. पुढं त्यानं विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळी धरली आणि उलट्या पाडलेल्या ढकलगाडीचं टेबल करून सहा आठवड्यांत ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ लिहिली. भुसावळच्या दीपनगरात रात्रपाळी करणाऱ्यांपैकी कोणाच्या डब्याखाली एखादी कादंबरी असेल तर त्यानं धीर धरावा. फॉकनरच्या कादंबऱ्या घडतात तो परगणा त्यानं स्वतःच बनवलेला, नकाशासुद्धा काढलेला, नाव योक्नापटॉफा. हे नाव परीक्षेत बरोबर लिहिणाऱ्याला दोन मार्क जादा द्यावेत.

काय करी ऱ्हायना, हक?

मार्क ट्वेननं ‘हकलबेरी फिन’च्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय की यात वेगवेगळ्या बोली आहेत, आणि त्या मुद्दाम आहेत. तरी १८८५ मध्ये काँकर्डच्या ग्रंथालयानं पुस्तक कपाटाबाहेर काढलं. भाषा गावंढळ म्हणून. हे वाक्य धुळ्याच्या वर्गात वाचलं की हसू फुटतं, कारण ‘अहिराणी घरी बोल, इथं नको’ हे ऐकून मोठी झालेली अर्धी पोरं समोर असतात. हक आणि जिम तराफ्यावर पडून गप्पा मारतात तो भाग पुस्तकी मराठीत करून बघा, शाळेचं संमेलन होतं. अहिराणीत करून बघा, पांझरा नदीला पूर आला असता तर तराफाही सोडता आला असता.

ट्वेन स्वतः इकडून गेलाय. टाइप जुळवायच्या एका यंत्रावर त्यानं पैसा ओतला, ते यंत्र बुडालं, तोही बुडाला, आणि कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत सुटला. १८९६ च्या जानेवारीत मुंबईत, वॉटसन हॉटेलात. खिडकीतल्या कावळ्यांवर त्यानं पुढं लिहिलेलं प्रकरण आजही खळखळून हसवतं. मुंबईहून तो अलाहाबादला गेला, रेल्वेनं. त्या काळी ती सरळ वाट भुसावळ-खांडवा-जबलपूर अशीच. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. यातल्या कुठल्या फलाटावर तो पांढऱ्या मिशांचा म्हातारा चहा शोधत उतरला असेल, हा प्रश्न मी जळगाव स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघताना नेहमी चघळतो.

किपलिंग अमेरिकन नव्हे, पण मोगलीची पुस्तकं त्यानं लिहिली ती अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात. घराचं नाव ‘नौलखा’. मोगलीचं जंगल म्हणजे आपला सातपुडा, तो त्यानं रंगवला खिडकीबाहेरचं बर्फ बघत.

सांगवीचा पांडुरंग

यावल तालुक्यातल्या सांगवीचा एक पंचवीस वर्षांचा तरुण १९६३ मध्ये ‘कोसला’ लिहितो आणि लगेच कुजबुज सुरू होते, हे सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’सारखं आहे हो! ती १९५१ ची. वाद साठ वर्षं जुना झाला तरी दर बॅचला नव्यानं पेटतो. दोन्हीकडं शिक्षणाला विटलेला पोरगा, तिकडं होल्डन, इकडं पांडुरंग. दोन्हीकडं घरातल्या लहानग्याचा मृत्यू, होल्डनचा भाऊ अ‍ॅली, पांडुरंगची बहीण मनी. इथपर्यंत ठीक. पण होल्डनला न्यूयॉर्कमध्ये भटकून झाल्यावर परतायला गाव नाही. पांडुरंगला आहे, आणि तेच त्याचं दुखणं आहे. मनीचं मरण वाचून झाल्यावर तुलनेचा कागद बाजूला पडतो, हा माझा अनुभव.

‘कोसला’ लिहिणारा तो तरुण म्हणजे भालचंद्र नेमाडे, पेशानं इंग्रजीचे प्राध्यापक. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद असं शिकवत फिरले, पुढं लंडन, गोवा, मुंबई. २०१४ चं ज्ञानपीठ त्यांना. ‘बिढार’पासूनच्या त्यांच्या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हाही इंग्रजीचा मास्तर, कॉलेजं बदलत हिंडणारा. तासिका तत्त्वावर आज इकडं, उद्या तिकडं शिकवणाऱ्या मंडळींनी त्या कादंबऱ्या परीक्षेसाठी वाचू नयेत. फार लागतं.

नाटक, थोडक्यात

यूजीन ओनील हॉटेलच्या खोलीत जन्मला आणि हॉटेलच्या खोलीतच मेला, १८८८ न्यूयॉर्क, १९५३ बॉस्टन. आर्थर मिलरनं लिहायला स्वतः लाकडाची खोली ठोकली आणि ‘डेथ ऑफ अ सेल्समन’चा पहिला अंक एका दिवसरात्रीत उतरवला. टेनेसी विल्यम्सचं ‘स्ट्रीटकार’ तेंडुलकरांनी मराठीत आणलं, ‘वासनाचक्र’ नावानं. वर्गात मात्र मिलरच चालतो. ज्याच्या घरात कोणी एमआर आहे, त्याला विली लोमनची बॅग किती जड ते समजावून सांगावं लागत नाही.

दोन पँथर, एक पत्र

१९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीची गोष्ट कमी जणांना. १९४६ मध्ये कोलंबियाचे जुने विद्यार्थी डॉ. आंबेडकर यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तुमच्या लोकांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे गेलाय, त्याची प्रत मिळेल का? ड्यू बॉइसनी आपुलकीनं उत्तर दिलं. एका पोस्टाच्या पाकिटात दोन मोठी साहित्यं भेटली. टोनी मॉरिसन शिकवताना (पहिली कादंबरी १९७०, नोबेल १९९३, लेखन पहाटे चारला, पोरं उठायच्या आत) इंग्रजी संज्ञांचा पाऊस पाडण्याऐवजी मुलांना बाबुराव बागूल आणि नामदेव ढसाळ शेजारी ठेवून वाचू द्यावेत. अर्धा तास वाचतो आणि कळतंही जास्त.

मिलो

घरातल्या म्हाताऱ्यांना ‘मिलो’ म्हणून बघा. तोंड वाकडं होईल. रेशनवरची ती तांबडी अमेरिकन ज्वारी, भाकरी तुटायची नाही, घास उतरायचा नाही. पीएल-४८० नावाच्या करारानं अमेरिकेचं धान्य आलं आणि त्याची किंमत भारतानं रुपयांत भरली. ते रुपये अमेरिकेला घरी नेता येईनात. मग ते इथंच खर्च करायचे कशावर? बऱ्याच गोष्टींवर, त्यातली एक पुस्तकं. हैदराबादला १९६४ मध्ये अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर उभं राहिलं, अमेरिकन साहित्याचा असा साठा आशियात दुसरा नव्हता. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे इंग्रजीचे मास्तर सुट्टीत तिथं जाऊन महिनाभर वाचत, टिपणं काढत, आणि जूनमध्ये तीच टिपणं आमच्यासारख्यांच्या वह्यांत उतरत.

त्याच पैशातून उलटी वाहतूकही झाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९६२ मध्ये दिल्लीला कचेरी उघडली आणि भारतीय भाषांतली छापील पुस्तकं गोळा करून अमेरिकन विद्यापीठांना धाडायला सुरुवात केली. मराठीही त्यात होतं. ज्या कवितासंग्रहाच्या प्रती कवीच्याच माळ्यावर पडून आहेत, त्याची एक प्रत शिकागोच्या नाहीतर बर्कलेच्या कपाटात नंबर लावून ठेवलेली सापडते, ती अशी. मिलोच्या भाकरीच्या बदल्यात गेलेली. पुढच्या वेळी कोणी खानदेशी कवी भेटला तर त्याला विचारा, ‘तुमचं पुस्तक अमेरिकेत गेलंय, माहीत आहे का?’ आणि चहा त्यालाच पाजायला लावा.